आपली वंशवेल आणि डीएनएची तपासणी



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, ही म्हण आपण कोकणात लहानपणापासून ऐकत आलो. पण आपल्या समाजाचे कूळ शोधल्यावाचून कधी भागलेच नाही. लग्नात, मलिद्याला, मशिदीच्या दारात कोणी नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला : "तुम्ही कुठले?" रोहेकर म्हटले की रोहा, पेणकर म्हटले की पेण, आणि चहा निवायच्या आत कोणाची तरी मावशी कोणाची तरी चुलती निघतेच. पुढे इस्राएलात आल्यावर हाच प्रश्न आपल्याला दुसऱ्यांनी विचारला आणि त्याचा सूर वेगळा होता. त्याविषयी पुढे लिहू.

अलीकडे हा प्रश्न एका नव्या वाटेने घरात शिरला आहे. अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडमध्ये असलेली आपली मुले-नातवंडे एका लहान नळीत थुंकतात किंवा गालाच्या आतून काडी फिरवतात, ती पाकिटात घालून कंपनीकडे पाठवतात आणि काही आठवड्यांनी फोन करून विचारतात, "आजी, ही यादीतली माणसे आपली कोण?" आजीला उत्तर देता येत नाही, आणि मुलालाही अहवालाचा अर्थ नीटसा कळलेला नसतो. म्हणून हा धडा. वाचताना वही-पेन्सिल जवळ असू द्यावी.

आमच्या घरचा प्रश्न

नुसती माहिती डोक्यात राहत नाही, म्हणून एक खरा प्रश्न घेऊन चालू. तो आमच्याच घरचा आहे.

आमच्या आईची आई कुलाबा जिल्ह्यातली. त्या जिल्ह्याला १९८१ पासून रायगड म्हणतात. तिचा थोरला भाऊ १९२८ साली रेल्वेत नोकरी मिळाली म्हणून कराचीला गेला. आम्ही त्यांना 'कराचीचे मामा' म्हणत असू, जरी आमच्यापैकी कोणी त्यांना पाहिले नव्हते. आजीच्या सासरच्या पत्त्यावर त्यांची कार्डे येत. १९४७ नंतर ती बंद झाली. आजी पुढे आलिया करून दिमोनाला आली. दर मलिद्याला ती एक खजूर बाजूला काढून ठेवी आणि कोणासाठी ते सांगत नसे. विचारले तर थोरली माणसे म्हणत, "त्याने बाहेरचे लग्न केले. तो विषय नको."

तेव्हा प्रश्न दोन होते. मामांचा वंश कुठे आहे का? आणि त्यांनी खरोखर 'बाहेरचे' लग्न केले होते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नळीने दिले. दुसऱ्याचे दिले नाही. हा फरक का पडला, हे समजणे हाच आजचा धडा.

तीन वाटा

आपल्या शरीरातल्या पेशींत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. तो गुणसूत्रांच्या २३ जोड्यांत गुंडाळलेला आहे. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक बापाकडून. पूर्वजांचा माग काढण्यासाठी या धाग्याच्या तीन वाटा उपयोगी पडतात.

पहिली बापाची वाट. 'वाय' नावाचे गुणसूत्र फक्त पुरुषांत असते आणि ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. बाप, आजा, पणजा अशी एकच सरळ रेघ. आपल्या समाजाला ही तपासणी एका कारणाने विशेष कामाची आहे. आपली 'कर' लागलेली आडनावे गावाची आहेत, कुळाची नव्हेत. आडनाव म्हणजे आपला जुना पत्ता. दोन पेणकर एकाच पुरुषाचे वंशज असतीलच असे नाही. उलट दोन भाऊ दोन गावी जाऊन राहिले तर त्यांच्या मुलांची आडनावे निराळी झाली. शिवाय मुंबईत अनेकांनी बापाचे नावच आडनाव म्हणून लावले. आजा डॅनियल, म्हणून बाप सॅम्युएल डॅनियल, म्हणून मुलगा आयझॅक सॅम्युएल. तीन पिढ्यांत तीन आडनावे! कागदावर असा माग हरवतो, पण वाय गुणसूत्र आडनाव बदलत नाही. दोन घराण्यांतल्या, बापाच्या रेघेने आलेल्या एकेका पुरुषाने तपासणी केली तर ती घराणी एका मुळाची आहेत का, याचा अंदाज घेता येतो.

दुसरी आईची वाट. पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक घटक असतात, त्यांचा स्वतःचा लहानसा डीएनए असतो. तो १६,५६९ अक्षरांचा आहे असे म्हणतात. सबंध मानवी धागा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे, यावरून तो किती लहान ते समजावे. तो आईकडून मुलगा व मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे देते ती फक्त मुलगी. आई, आजी, पणजी अशी ही दुसरी सरळ रेघ.

तिसरी वाट सगळ्यांची. उरलेल्या २२ जोड्यांत आई-बाप दोघांकडचे सगळे पूर्वज मिसळलेले असतात. पत्ते पिसावेत तशी प्रत्येक पिढीला ही गुणसूत्रे पिसली जातात आणि निम्मी पुढे जातात. बापाकडून निम्मे, म्हणून आज्याकडून सुमारे चौथाई, पणज्याकडून सुमारे अष्टमांश. घरातली नाती शोधायला हीच तपासणी सर्वांत उपयोगी, आणि परदेशी मुले करतात ती बहुधा हीच.

अहवाल कसा वाचावा

या तिसऱ्या तपासणीत कंपनी आपला धागा आपल्याआधी तपासणी केलेल्या लोकांच्या धाग्यांशी ताडून पाहते आणि जुळणाऱ्या माणसांची यादी देते. जुळलेला भाग 'सेंटिमॉर्गन' या मापाने मोजतात. कापड वारावर मोजतात तसे हे माप समजा. सर्वसाधारण आकडे वहीत उतरवून घ्यावेत :

आई किंवा बाप आणि मूल : सुमारे ३,४०० ते ३,५००.
सख्खी भावंडे : सुमारे २,६००.
आजी-नातू, मावशी-भाचा, काका-पुतण्या : सुमारे १,७५०.
चुलत, मावस, आते, मामे भावंडे : सुमारे ८७०.
त्यांची मुले, एकमेकांना : सुमारे २३०.
त्या मुलांची मुले : सुमारे ७५.

हे सरासरीचे आकडे आहेत. पत्ते पिसले की कोणाच्या हाती काय येईल ते सांगता येत नाही, म्हणून सख्ख्या चुलत भावंडांत तो आकडा ४०० ही असू शकतो आणि १,३०० ही. शेवटच्या ओळीतल्या नात्यात तर दहांतल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही. म्हणजे जुळले नाही म्हणून नाते नाही असे म्हणता येत नाही. आणि एकच आकडा अनेक नात्यांना बसतो. १,७५० म्हणजे आजी असेल, मावशी असेल किंवा सावत्र बहीणही असेल. आकडा नाते सांगत नाही; कोणकोणती नाती शक्य आहेत एवढे सांगतो. त्यांतले खरे कोणते, ते वय, गाव आणि कागद यांवरून आपणच ठरवायचे.

आपल्या समाजाची अडचण

इथे आपल्याला एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी. वरचे आकडे ज्या समाजांत लांबच्या माणसांत लग्ने होतात त्यांच्या हिशेबाने काढलेले आहेत. आपली गोष्ट वेगळी. कोकणातल्या थोड्या गावांत पसरलेला थोडा समाज, आणि शेकडो वर्षे सोयरीक आपसातच. मामाची मुलगी करण्याचीही चाल होतीच. त्यामुळे कोणतेही दोन बेने इस्राएल घ्या, ते एका नात्याने नव्हे तर चार-पाच लांबच्या नात्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. प्रत्येक नात्यातून थोडा थोडा धागा आलेला असतो, आणि बेरीज फुगते. यंत्राला वाटते हा जवळचा चुलत भाऊ. खरे तर तो आपल्यासारखाच एक अलिबागकर असतो!

यावर उपाय आहे. नुसती बेरीज पाहू नये, तुकडे पाहावेत. अहवालात जुळलेला धागा किती तुकड्यांत आहे आणि सर्वांत लांब तुकडा केवढा आहे हेही दिलेले असते. जवळचे नाते असेल तर तुकडे लांब असतात, कारण पत्ते थोड्याच वेळा पिसले गेले आहेत. अनेक जुन्या नात्यांची बेरीज असेल तर तुकडे पुष्कळ पण आखूड असतात. सात सेंटिमॉर्गनपेक्षा लहान तुकड्यांवर तर विश्वासच ठेवू नये. त्यांतले बरेच योगायोगाने जुळलेले असतात.

आमच्या मावशीचा नातू टोरंटोला असतो. त्याने २०१९ साली तपासणी केली तेव्हा यादीत वरच्या बाजूला तीन अनोळखी नावे होती. अमेरिकेतले एक, ११२ सेंटिमॉर्गन. ऑस्ट्रेलियातले एक, १०४. इंग्लंडमधल्या एका बाई, १३१. तिघांपुढे कंपनीने एकच नाते लिहिले होते. मुलाने तिघांना पत्रे लिहायला घेतली, आम्ही त्याला थांबवले आणि तुकडे मोजायला सांगितले. अमेरिकेतल्या गृहस्थांचे ११२ बारा तुकड्यांत होते आणि सर्वांत लांब तुकडा १४ चा. ऑस्ट्रेलियाचे तसेच. इंग्लंडच्या बाईंचे १३१ मात्र सातच तुकड्यांत, आणि त्यांतला एक ४८ चा. पहिले दोघे आपले समाजबांधव. या बाई मात्र घरच्या असाव्यात असा संशय आला.

घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करावी

हा दुसरा उपाय. पिढीगणिक धागा निम्मा होतो, म्हणून नातवापेक्षा आजीची तपासणी चौपट मोलाची. मावशी तेव्हा ८४ वर्षांची होती आणि नातवाजवळच राहत होती. "माझ्या थुंकीत काय सोने सापडणार?" असे म्हणत तिने नळी भरून दिली. त्या बाईंशी तिचे ४४७ सेंटिमॉर्गन जुळले, सर्वांत लांब तुकडा ७१ चा. नातवाचे १३१, आजीचे ४४७ : दोन पिढ्यांत सुमारे चौथाई, हिशेब बसला.

४४७ ला कोणती नाती बसतात? आपल्या मामेभावाचे किंवा मामेबहिणीचे मूल हे एक बसते. बाई साठीच्या. त्यांची आई कराचीत जन्मलेली, साल १९३३. आता पत्र लिहायला हरकत नव्हती. पत्रात आम्ही कोणतेही नाते लिहिले नाही; फक्त मामांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव आणि 'रेल्वे' एवढे चार शब्द लिहिले. उत्तर आठ दिवसांत आले. मामांचा वंश इंग्लंडात होता. १९४७ नंतर ते बायको-मुलीसह कराची सोडून तिकडे गेले होते, आणि तिथेच त्यांना मूठमाती मिळाली.

पहिला प्रश्न सुटला.

जे नळीत दिसत नाही

आता दुसरा प्रश्न. मामी बाहेरची होती का? घरातल्या तरुणांना वाटले, यालाही तपासणी आहेच की! या बाई मामांच्या मुलीची मुलगी. म्हणजे आईच्या वाटेने त्यांच्यात मामींचाच मायटोकाँड्रिया उतरलेला. तो तपासावा, म्हणजे मामी यहुदी होत्या की नव्हत्या ते कळेल.

इथे आम्ही त्यांना थांबवले, आणि वाचकांनाही थांबवतो. त्यासाठी शास्त्रज्ञांनी आपल्या समाजाविषयी काय शोधले आहे ते पाहावे लागेल.

२०१० साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात जगभरच्या यहुदी समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक यहुदी समाज एकमेकांच्या जवळ आढळले. बेने इस्राएल आणि कोचीनचे यहुदी मात्र पश्चिम भारतातल्या शेजाऱ्यांच्या जवळ बसले. पण त्याच अभ्यासात हेही आढळले की बापाच्या वाटेने बेने इस्राएलांचा पूर्व भूमध्य किनाऱ्याच्या प्रदेशाशी स्पष्ट दुवा आहे. २०१६ साली कॉर्नेल आणि तेल अवीव विद्यापीठांतल्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींचा धागा इतर ४१ यहुदी, भारतीय व पाकिस्तानी समाजांशी ताडून पाहिला. त्यांचा निष्कर्ष : आपल्यात यहुदी आणि भारतीय हे दोन्ही वारसे आहेत, दोन्ही मोठ्या प्रमाणात. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे गेल्या हजार वर्षांत झाले, आणि त्यात यहुदी पुरुष व इथल्या स्त्रिया असा ओघ अधिक होता.

काही वाचक म्हणतील, मग नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली, ती गोष्ट खोटी की काय? तसे नाही. मिश्रण केव्हा झाले हे ही पद्धत सांगते. पूर्वज किनाऱ्याला केव्हा लागले ते सांगत नाही. माणसे आधी येऊन राहू शकतात आणि नाती नंतर जुळू शकतात. गोष्टीचा निकाल लावण्याचे काम नळीचे नाही.

पण आपल्या प्रश्नाचा निकाल लागला. आपल्या समाजातल्या पुष्कळ घराण्यांतली मूळ माताच कोकणच्या मातीतली आहे. तिने शाबाथ पाळला, शनिवारी घाणा बंद ठेवला, मुलांची सुंता केली, 'शमा' म्हटली, आणि तिच्या लेकी-सुनांनी तेच केले. म्हणून तर लोकांनी आपल्याला शनवार तेली म्हटले. मामींचा मायटोकाँड्रिया भारतीय निघाला असता तर काय सिद्ध झाले असते? तो आमच्या आजीचाही तसाच निघू शकतो. धाग्यात प्रदेश दिसतो. धर्म दिसत नाही.

मामींचा प्रश्न सोडवला तो कागदाने. इंग्लंडच्या बाईंच्या ट्रंकेत आजी-आजोबांची केतुबा होती, कराचीची, साल १९३१. कराचीत आपल्या लोकांची मागेन शालोम ही मशीद होती. ती १८९३ साली बांधलेली, आणि १९८८ साली पाडली गेली. इमारत राहिली नाही, पण केतुबा राहिली. तिच्यावर वराच्या वडिलांचे जे इब्री नाव आहे तेच आमच्या आजीच्या केतुबेवर वधूच्या वडिलांचे आहे. आणि वधूही बेने इस्राएलाचीच मुलगी, खाडीपलीकडच्या गावची.

मग 'बाहेरचे' लग्न ते कोणते? बाईंना मराठी येत नाही, पण त्यांच्या आजीचे म्हणणे त्यांच्या आईने सांगून ठेवले होते. नवऱ्याच्या घरच्यांनी तिला एकदाही आपल्या भांड्यांना हात लावू दिला नाही. ती 'काळ्यां'ची होती.

जुन्या वाचकांना अधिक सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो : आपल्यात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन भेद मानत. ज्यांची आई समाजाबाहेरची आणि त्यांची पुढची प्रजा ते काळे, असे गोरे म्हणत. मशीद एक, प्रार्थना एक, पण सोयरीक नाही, आणि जेवणाचा पाटही वेगळा. मावशीला आम्ही फोनवर हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आम्हांला सगळ्यांना ठाऊक होते रे. आईलाही."

हाच प्रश्न आपल्यालाही विचारला गेला

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नांसंबंधी सूचना काढल्या. नोंदणी करणाऱ्या रब्बीने आपल्या मुला-मुलींची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, असे त्यांत होते. 'तुमची आजी कोण?' हा प्रश्न आपल्यालाच का, इतरांना का नाही, म्हणून समाज पेटून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या माणसांनी यरुशलेममध्ये धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव काढण्यात आले.

तो लढा न्याय्य होता, आणि त्यात आपले आईबाप होते याचा आम्हांला अभिमान आहे. पण जो प्रश्न दुसऱ्याने विचारला तेव्हा आपल्याला झोंबला, तोच आपण आपल्याच घरच्या एका सुनेला १९३१ साली विचारला होता. तपासणीच्या अहवालात पुष्कळ रकाने असतात; गोरा-काळा असा रकाना त्यात नसतो. उद्या कोणी नळी हातात घेऊन 'तू किती टक्के?' असे आपल्या मुलांना विचारू लागला तर आपण ते मान्य करू नये, आणि आपणही दुसऱ्या कोणाला विचारू नये. टक्केवारीवर तर विशेष भिस्त नको. कंपनीजवळ ज्या समाजांचे नमुने असतात त्यांच्याशीच ती ताडून पाहते. आपल्यासारख्या लहान समाजाचे नमुने थोडे, म्हणून एकाच माणसाला दोन कंपन्या दोन तऱ्हेचे आकडे देतात.

कायदा आणि काळजी

इस्राएलात राहणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. इथे २००० साली जनुकीय माहितीविषयी कायदा झाला. नाते ठरवण्याची तपासणी कुटुंब न्यायालयाच्या आदेशावाचून करता येत नाही. घरबसल्या नळी मागवण्याची सोय इथे नाही. मायहेरिटेज या कंपनीचे मुख्य ठाणे ओर येहूदाला असूनही ती आपली नळी इस्राएलात विकत नाही. यामागे एक मोठे कारण आहे. अहवालातून एखाद्या मुलाचा बाप वेगळाच निघाला तर हलाखेप्रमाणे त्या निष्पाप मुलाच्या लग्नाचाच प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून आडमार्ग शोधू नये. परदेशी असलेल्या नातलगांनी तिथल्या कायद्याप्रमाणे तपासणी केली असेल तर तेवढ्यावरही पुष्कळ काम होते. आमचे तसेच झाले.

आणखी तीन गोष्टी. एक, तपासणी करणाऱ्याला विचारावे, "नको ते कळले तर चालेल का?" दत्तक, सावत्र, लपवलेली नाती बाहेर येतात, आणि एकाची नळी सगळ्या घराचे गुपित उघडते. दोन, कोणालाही न विचारता त्याचा नमुना पाठवू नये. म्हाताऱ्या माणसाला नीट समजावून त्याची संमती घ्यावी. तीन, ही माहिती कायमची असते. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि चोरांनी त्यांतली अश्केनाझी यहुद्यांची यादी वेगळी काढून विकायला मांडली. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कुलूप बदलता येते, धागा बदलता येत नाही. काम झाल्यावर नमुना नष्ट करण्याची व नोंद काढून टाकण्याची सोय आहे का, ते आधी पाहून घ्यावे.

घरचा अभ्यास

नळी असो वा नसो, पुढचे काम प्रत्येक घरी होण्याजोगे आहे.

१. एका मोठ्या कागदावर कुर्सीनामा काढावा. प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, आईचे माहेरचे गाव लिहावे. बायकांची नावे गाळू नयेत. जुन्या वंशावळींत ती गाळलेली असतात आणि तिथेच माग तुटतो.

२. जुनी नावे ओळखावीत. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझिकेल. १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हेच सॅम्युएल एझिकेल. एकच माणूस दोन नावांनी दोनदा लिहिला जाऊ नये.

३. केतुबा, पलटणीच्या व रेल्वेच्या नोकरीचे कागद, आलियाच्या वेळचे कागद, थडग्यांवरचे लेख यांचे फोटो काढून ठेवावेत. मूळ कागदाला चिकटपट्टी लावू नये.

४. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. "तो विषय नको," असे म्हणाले तर त्या दिवशी सोडून द्यावे. पुन्हा जावे.

५. यादीत कोणी जुळले तर आधी बेरीज, मग तुकडे, मग वय आणि गाव, मग कागद. या क्रमाने जावे आणि पत्र सर्वांत शेवटी लिहावे.

आमच्या कुर्सीनाम्यात आता कराचीच्या मामांच्या शेजारी मामींचे नाव आहे, त्यांच्या बापाचे आणि गावाचेही. गेल्या मलिद्याला मावशीने टोरंटोला ताट केले तेव्हा दोन खजूर बाजूला काढले, आणि ते कोणासाठी हे नातवंडांना मोठ्याने सांगितले. ज्या वाचकांच्या घरी असे एखादे नाव गाळलेले असेल, त्यांनी ते या पेसाहच्या आत कागदावर लिहावे, अशी विनंती आहे.